चित्राचा झाकलेला कोपरा

६ फेब्रुवारी

प्रिय खळबाई,

सोबतची पुठ्ठ्याची नळी जपून उघड. कापडाच्या ताग्यात असते ती नळी आहे, दुकानदाराकडून मागून आणली. तिच्यात आईंच्या पलंगासमोरचं चित्र आहे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. तू नाक मुरडणार हे मला माहीत आहे, पण शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात कापड सापडतं, तुझ्याकडचे चित्रांचे चोचले पुरवणारे कागद नाही सापडत.

झालं असं, की भिंतीमागचा पाण्याचा पाइप गळत होता. आम्हाला पत्ता लागेपर्यंत चित्रामागचा पुठ्ठा फुगला, काच तडकली आणि संताच्या डोक्यामागच्या प्रकाशाच्या वलयावर बुरशीचे ठिपके आले. त्याच्या मांडीवर डोकं ठेवलेला तो आजारी माणूस तर आधीच हाडांचा सापळा. आता त्याच्या अंगावरही ठिपके. मला बघवेना म्हणून काढलं. उजव्या हाताचा खालचा कोपरा काळपट आहे, तो मात्र ओलीने झालेला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसाच आहे.

तू जुने कागद खळ लावून बरे करतेस म्हणून तर मी तुला खळबाई म्हणते. आता घरचंच काम आलंय, तेव्हा तुमच्या संग्रहालयाच्या कामांच्या मागे लावू नकोस. आई सारख्या रिकाम्या खिळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द मोजकेच उरलेत, त्यातला एक आता रोजचा झालाय. ‘कुठे?’

याबद्दल फोनवर काही विचारू नकोस. फोन त्यांच्या उशाशी असतो. मी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी त्यांना सगळं उमगतं आणि मग त्या जेवत नाहीत. पत्रच बरं.

तुझा दादा बोटीवर सुखरूप आहे, वर्ष संपता संपता येईन म्हणतो. मी मशीन आईंच्या खोलीतच आणलंय, खिडकीशी. त्यामुळे काम आणि त्या, दोन्हीवर नजर राहते. मी ठणठणीत आहे.

तुझी वहिनी


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अभ्रा धुऊन परत पाठवते. त्यावरचा गुलाबी धागा संताच्या कानाला चिकटून आला होता, आमच्या साहेबांनी तो भिंगातून बघितला आणि ‘हे मूळ चित्रातलं आहे का’ असं गंभीरपणे विचारलं. तुझ्यामुळे माझी शोभा झाली.

चित्र आता माझ्या टेबलावर दोन टीपकागदांमध्ये निवांत पडलंय. बुरशी वरवरची आहे, जाईल. काळजी करू नकोस.

लहानपणापासून जे डोक्यावर टांगलेलं होतं ते मी पहिल्यांदा टेबलावर ठेवून बघतेय. माझ्या हाताखालून अशी कितीतरी धार्मिक चित्रं जातात. बहुतेकांत संत देखणा असतो, समोर बघत असतो, आणि आजारी माणूस बापडा त्याच्या मोठेपणाला शोभा म्हणून पायाशी पडलेला असतो. आपल्या चित्रात उलटं आहे. हे चित्र ज्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलं, तो पत्रा ज्याने कोरला, त्याने संताच्या चेहऱ्यावर फारसे कष्टच घेतले नाहीत. तोंड अर्धं वळलेलं, दोन भुवया, एक नाक, झालं काम. सगळा जीव ओतलाय तो आजाऱ्यात. सुजलेले घोटे, फासळ्यांमधले खळगे, पाण्यासाठी उघडलेलं तोंड. हा माणूस कुणा आजाऱ्यापाशी पुष्कळ बसलेला असणार, नुसत्या कल्पनेने असे घोटे काढता येत नाहीत. संताचा उजवा हात त्या डोक्याखाली आहे, आणि त्या हाताची बोटं वजनाने किंचित वाकलीयत. दुसऱ्याचं डोकं किती जड असतं ते त्याला माहीत होतं.

आता गंमत ऐक. तो काळपट कोपरा म्हणजे शाई नाही की धूर नाही. तो चिकटवलेला कागद आहे, बांधाबांधीचा खाकी कागद, तळहाताएवढा. संताचा डावा हात कोपरापर्यंत दिसतो आणि पुढे त्या कागदाखाली जातो. आपण समजत होतो तो जमिनीवर हात टेकून बसलाय. खाली काय आहे देव जाणे. हे बाबांचंच काम असणार, त्यांना दिसेल ते चिकटवायची हौस होती. मी तो कागद वाफेवर अलगद सोडवणार आहे.

आईच्या हाताचा व्यायाम दिवसातून दोनदा घेतेस ना? पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची असते, तेही बघ. मी एका डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारून घेतलं.

तुझीच,
खळबाई


२४ फेब्रुवारी

प्रिय खळबाई,

डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. कूस बदलायची असते हे त्यांनी सांगितलं ते बरं झालं, नाहीतर आम्ही इथे दोन वर्षं आईंना एकाच कुशीवर ठेवून मजा बघत होतो.

हे खोडणार होते, पण राहू दे. दमलेय एवढंच.

आईंच्या भुवईपाशी थोडं लागलंय. काही विशेष नाही, टाके पडले तेही निघतील. मनगट बांधलंय, डावं, म्हणजे चांगल्या हाताचं, त्यामुळे सध्या घासही मीच भरवते. तू धावत येऊ नकोस.

चित्र लवकर दे. पत्र आखूड आहे, शाळेचे गणवेश द्यायचेत.

वहिनी


४ मार्च

प्रिय वहिनी,

टोमणा पोचला. बसला पण. यापुढे उंटावरून शेळ्या हाकणार नाही. पण भुवईला लागलं कसं, ते तू लिहिलंच नाहीस. पलंगाच्या कडेचं का? कठडा लावून घे. बघ, पुन्हा हाकायला लागले.

आता माझी बातमी. कागद सुटला. खालून काय निघालं त्याचा फोटो सोबत पाठवतेय. एक बाई आहे, वहिनी. इतकी वर्षं आपल्या घरात राहून आपल्याला न दिसलेली बाई. भिंतीला टेकून बसलीय, मांडीत पाण्याचा वाडगा, मान खांद्यावर कलंडलेली. एवढा संत दारी आलाय, शेजारी माणूस पाण्यासाठी तोंड उघडून पडलाय, आणि ही ऐन वेळी डाराडूर झोपलीय. वाडगाही तिरका झालाय, पाणी ओघळतंय. मला तर हसूच आलं. असं विनोदी पात्र कोरणाऱ्याने का घातलं असेल, यावर साहेब आणि मी जेवणाच्या सुट्टीभर वाद घातला. त्यांचं म्हणणं, जागा राहणारा संत आणि झोपणारा संसारी माणूस, असा काहीतरी उपदेश असावा. मलाही ते पटतंय.

तिच्याभोवती अजून जुन्या खळीचे कडक थर आहेत, काळे पडलेले. संताचा डावा हात त्यांच्याखालीच आहे. सावकाश काढेन. तोवर फोटो आईला दाखव. तिची करमणूक होईल.

तुझीच,
खळबाई


१२ मार्च

प्रिय खळबाई,

फोटो दाखवला. दाखवायला नको होता.

आईंनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं पुन्हा झटका येतोय. मग कळलं, त्या रडतायत. बांधलेल्या मनगटानेच फोटोवर मारत होत्या. ‘पाणी,’ म्हणाल्या. मी पाणी आणलं तर ढकललं. मग म्हणाल्या, ‘झोपले.’ हेच दोन शब्द, संध्याकाळपर्यंत.

मागच्या घरातल्या मावशींना बोलावलं. त्या आईंच्या वयाच्या, बाबा गेले तेव्हा इथेच होत्या. त्यांनी फोटो बघितला आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटून मला सगळं सांगितलं. तुला ‘बाबा झोपेत गेले’ असं सांगितलंय ना? तू शाळेत होतीस. झोपेत गेले नाहीत. ते बरेच दिवस पडून होते आणि आईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दुपारी त्या वाडग्यात पाणी घेऊन उशाशी बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. जाग आली तेव्हा मांडी भिजलेली होती, आणि बाबांचं तोंड तसंच, त्या चित्रातल्यासारखं, उघडं होतं. त्यांनी हाक मारली असेल का, हे आईंना कधीच कळलं नाही. मावशींना त्यांनी हे एकदाच सांगितलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडून वाटीभर खळ शिजवून नेली. तो कागद बाबांनी नाही चिकटवला.

म्हणजे बघ, रोज डोळ्यांसमोर चित्र ठेवायचं आणि त्यातली स्वतःच तेवढी झाकायची. असं इतकी वर्षं चाललं होतं आपल्या घरात.

आता माझं ऐक. भुवईला कसं लागलं ते तू विचारलंस. मी मशीनवर झोपले. भर दुपारी, गणवेशाची बाही सुईखाली तशीच. आईंना काहीतरी हवं असणार, त्या उठायला गेल्या आणि पडल्या. मला आवाजाने जाग आली नाही, खळबाई. मला माझी मान अवघडली म्हणून जाग आली. त्या जमिनीवर होत्या आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ, कोण जाणे.

‘ऐन वेळी डाराडूर झोपलीय’ हे तू लिहिलंस, ते वाचून मी पत्र मिटवून ठेवलं होतं. तुझा दोष नाही, तुला काय माहीत.

मी चौकशी करून आलेय. नदीपलीकडे आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी संस्था आहे. स्वच्छ आहे, परिचारिका पाळीपाळीने जाग्या असतात. महिनाअखेरीस एक खाट रिकामी होतेय, त्याआधी कळवायचंय. आईंना हे घर सोडायचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांना माझ्या भरवशावर ठेवायची मला आता छाती होत नाही. मशीन सुरू केलं तरी दर दोन टाक्यांनी मान वर करून बघते. मी या कामाच्या लायकीची नाही. दादाला यातलं काही कळवलेलं नाही.

तेवढा कागद पुन्हा होता तसा चिकटवून दे. चित्र त्यांच्याबरोबर संस्थेत जाईल.

वहिनी


१८ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी कामाच्या खोलीतच उघडलं, ते चुकलं. साहेब चहा घेऊन आले होते, ते कप ठेवून गेले.

बाबांबद्दल मी काही लिहीत नाही. अजून लिहिता येत नाही. आईला ते एवढी वर्षं एकटीने पोटात ठेवावं लागलं, आणि मी त्या कागदाखालचं विनोदी पात्र शोधून काढलं म्हणून मिरवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

तू सांगितलंस म्हणून मी खळ शिजवली. खरंच शिजवली, तोच खाकी कागद परत लावायचा म्हणून. पण आमच्या कामात एक नियम आहे. जुन्या खळीवर नवी खळ लावायची नाही, आधीची पूर्ण काढायची, नाहीतर कागद आखडून फाटतो. म्हणून ओला टीपकागद ठेवून ते काळे थर मऊ करत बसले. पातळ चाकूने निघेल तेवढं काढलं, बाकीचं कापसाने. आणि संताचा डावा हात वर आला.

तो हात जमिनीवर टेकलेला नाही, वहिनी. उजव्या हाताने त्याने आजाऱ्याचं डोकं धरलंय, आणि डाव्या हाताने स्वतःच्या अंगावरच्या वस्त्राचं टोक त्या झोपलेल्या बाईवर ओढतोय. तिला उठवत नाहीये. तिच्या गुडघ्यांवर पांघरूण घालतोय. ते वस्त्र तिच्या पायाशी इतक्या बारीक रेघांनी काढलंय की भिंगाशिवाय दिसत नाही. आणि त्याचं वळलेलं तोंड, ज्याच्यात मला नुसती दोन भुवया आणि नाक दिसलं होतं, ते तिच्याकडे वळलंय. आपण समजत होतो तो लाजून खाली बघतोय.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पुष्कळ वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, ‘मी उपदेशाचं म्हणालो होतो, ते मागे घेतो.’

आईने खळ सढळ हाताने फासली होती ना, ती नेमकी त्या हातावर जाड झाली होती. त्या आठवड्यात तिने फक्त ती बाई बघितली असणार. तिच्यावर कोण पांघरूण घालतंय हे बघायचं भान तिला कुठून असणार?

कागद मी परत चिकटवणार नाही. तुझं सांगणं मोडतेय, हवं तर रुसून बस. चित्र घेऊन मीच येतेय. महिन्याभराची रजा मंजूर झालीय. तू तुझ्या बहिणीकडे जायचं, आणि जाताना शिवायचं काहीही बरोबर न्यायचं नाही. संस्थेला होही कळवू नकोस आणि नाहीही. लायकीचं म्हणशील, तर ती ठरवायची कुणी? तू स्वतःला नापास केलंस, पण आईला कुणी विचारलंय का?

दादाला मी कळवलंय. तोही रुसेल तुझ्यावर, पण वेगळ्या कारणासाठी.

तुझीच,
खळबाई


२ एप्रिल

प्रिय खळबाई,

पहिले तीन दिवस मी नुसती झोपले. बहीण मधे मधे येऊन श्वास चालू आहे का बघून जायची म्हणे. चौथ्या दिवशी तिच्या मुलीचा फ्रॉक उसवलेला दिसला, तो तेवढा टाचला. एवढं शिवण धरू नकोस.

इथे सगळे माझी बडदास्त ठेवतात आणि मला बसवत नाही. आईंना सूप गाळून दे, गाठ आली की ठसका लागतो. संध्याकाळी खिडकी लावलेली त्यांना आवडत नाही, पण लाव. डावं मनगट अजून दुखत असणार, ओढू नकोस. केस विंचरताना त्या डोळे मिटतात ते झोप आली म्हणून नाही, बरं वाटतं म्हणून.

मी निघाले तेव्हा चित्र तू अजून उघडलं नव्हतंस. मला समोर थांबायचा धीर नव्हता, खरं सांगते. दाखवलंस का? काही म्हणाल्या का? संस्थेचे लोक माझ्यासाठी आणखी पंधरा दिवस थांबायला तयार झालेत. पण आता त्यांना एकदाचं काय ते सांगायला हवं.

वहिनी


८ एप्रिल

प्रिय वहिनी,

दाखवलं. तू निघालीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी तुला लगेच कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलंच नाही.

मी चित्र तिच्या मांडीवर धरलं. तो हात बोटाने दाखवला, पांघरूण दाखवलं, वर थोडं भाषणही केलं. आई बघत राहिली. तिचं बोट त्या तिरक्या वाडग्यावर गेलं, तिथे थांबलं, मग त्या हाताकडे गेलं. मग तिने चित्र बाजूला सारलं आणि ‘सूप’ म्हणाली. मी दिवसभर तोंड पाडून बसले होते. एवढ्या लांबून येऊन, एवढं सगळं शोधून काढून, सूप. तेही मी जाळलं होतं. चित्र त्याच खिळ्याला लावलं आणि कामाला लागले.

काम म्हणजे काय ते आता मला कळलं. वहिनी, माझ्या नाकी नऊ आले. तिला उचलून बसवायचं म्हणजे माझी कंबर जाते, चादर बदलायची तर ती कधी एका बाजूला कधी दुसऱ्या बाजूला, आणि जरा टेकलं की हाक. ‘कूस बदलायची असते’ असं तुला लिहिणाऱ्या बाईला मी या घरात शोधतेय, सापडली तर बाहेर काढणार आहे.

काल दुपारी तिचे केस विंचरून झाले. तिचा डोळा लागला असं वाटलं, म्हणून मी खुर्ची पलंगाला लावून बसले. तुझं सूचनांचं पत्र मोठ्या हिमतीने वाचत होते. तेवढंच आठवतंय.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. मी दचकून आधी जमिनीकडे बघितलं. आई जमिनीवर नव्हती. पलंगावर, कुशीवर, जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या अंगावर पांघरूण नव्हतं. तिची राखाडी शाल माझ्या गुडघ्यांवर होती. दुखऱ्या मनगटाने तिने ती स्वतःच्या अंगावरून सोडवून, ओढून ओढून माझ्यावर आणली होती. निम्मीच आली होती, एक टोक अजून पलंगावर होतं. तिचे पाय गार पडले होते.

मी उठायला लागले, तर तिने मान हलवली. ‘झोप,’ म्हणाली.

मग वर चित्राकडे बघितलं, मग तुझ्या मशीनकडे. बराच वेळ मशीनकडेच बघत होती. ‘ती पण,’ म्हणाली.

मी तिच्यापाशी रडून घेतलं. बाबांसाठीही तेव्हाच रडले, एवढ्या वर्षांनी. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड होता गं.

संस्थेला तू परत आल्यावर आपण दोघी मिळून उत्तर देऊ. साहेबांनी दर महिन्यातले दहा दिवस मला इथून काम करायची परवानगी दिलीय, कागद घरी आणता येतील तेवढे. ते दहा दिवस तू बहिणीकडे जायचं, बाकीचे दिवस मी संग्रहालयात. मशीन मी हलवलेलं नाही, खिडकीशीच आहे. फक्त त्याच्या खुर्चीवर आईची ती राखाडी शाल घडी करून ठेवलीय. मी ठेवली नाही, तिने मला ठेवायला लावली.

घाई करू नकोस. अजून आठवडाभर रहा, हवे तेवढे फ्रॉक टाच.

तुझी खळबाई